एकवीस मोजण्यांचा कित्ता

खो-खोचं मैदान आखून उरलेली ओंजळभर फक्की पुरते. आधी एक आडवी रेघ ओढायची. तिच्या मध्यातून समोर सरळ एक उभी रेघ, शाळकरी मुलाची तीन लांब पावलं मावतील एवढी. तिच्या टोकाला पुन्हा एक आडवी रेघ, पहिलीइतकीच. झालं. शोतोकान कराटेतली नवशिक्यांची काता, हेइआन शोदान, या तीन रेघांवर सुरू होते आणि याच तीन रेघांवर संपते. जपानीत या आखणीला एम्बुसेन म्हणतात.

परभणीहून जिंतूरकडं निघालं की वाटेत झरी लागतं. मुलूख काळ्या मातीचा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला अशी चिकटते की पाऊल दुप्पट जड होतं. झरीसारख्या गावात शाळेच्या पटांगणावर अनवाणी उभं राहून काता शिकायची तर पहिली ओळख या मातीशी करून घ्यावी लागते. शहरातल्या क्लासात खाली रबरी मॅट असते, तिच्यावर चूक झाली तरी मागं काही उरत नाही. मातीचं तसं नाही. पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवून लांब उभं राहायचं, याला झेनकुत्सु दाची म्हणतात. त्यात मागची टाच जमिनीला टेकलेली हवी. टाच उचलली गेली की चवड्याचा तेवढा खड्डा मातीत उमटतो आणि टाचेची जागा कोरी राहते. शिकवणाऱ्याला नुसतं बोट दाखवलं की पुरतं.

कराटे म्हटलं की आपल्याकडं अजूनही डोळ्यांसमोर येतं ते पडद्यावरचं दृश्य: हवेत उडालेला माणूस, फुटलेल्या विटा, धुक्यातला मठ. त्यामुळं पहिली काता शिकणाऱ्या मुलाला आणि त्याला क्लासला घालणाऱ्या आई-बापांनाही वाटतं की हे काहीतरी हजार वर्षांपूर्वीचं, योद्ध्यांनी योद्ध्यांसाठी राखलेलं गुपित असावं. खरी हकीकत वेगळी आहे, आणि ती कळली तर झरीच्या पोरांना ही काता परकी वाटणार नाही. हेइआन शोदान रणांगणात जन्मली नाही, मठातही नाही. ती शाळेसाठी रचली गेली. तिचं वय सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर आहे, आणि तिचा रचनाकार सत्तरी ओलांडलेला, एके काळी राजाच्या दफ्तरात काम केलेला माणूस होता.

मराठीत कित्ता गिरवणं म्हणतात ते अगदी हेच. पंतोजींनी वळणदार अक्षरं काढून द्यायची आणि मुलानं त्यावरून हात फिरवत राहायचं, अक्षर हाताला लागेपर्यंत. जपानीतल्या ‘काता’ शब्दाचा अर्थही साचा, घडण, नमुना असाच आहे.

ज्या बेटावर हे घडलं ते ओकिनावा. जपानच्या दक्षिणेकडं, चीन आणि जपान यांच्या मधल्या समुद्रात र्‍युक्यू नावाचं एक छोटं राज्य होतं. ओकिनावा हे त्याचं मुख्य बेट आणि शुरी ही राजधानी. व्यापार चीनशी, खंडणी दोन्हीकडं. इथल्या सरदार घराण्यांत हातपायांनी लढण्याची एक विद्या चालत आली होती. तिला नुसतंच ‘ते’, म्हणजे ‘हात’ म्हणत, किंवा ‘तो-दे’, चिनी हात. आपल्याकडं पट्टा आणि लाठी शिकवणारे वस्ताद ‘पट्ट्याचे हात’, ‘लाठीचे हात’ म्हणतात, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. दोन भाषांनी एकाच गोष्टीला एकच अवयव नेमून द्यावा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ही विद्या उघड्यावर शिकवली जात नसे. गिचिन फुनाकोशी, ज्यांनी पुढं शोतोकान शाखा उभी केली, त्यांनी आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसांचं वर्णन केलं आहे. ते शुरीत १८६८ साली जन्मले. प्राथमिक शाळेतला त्यांचा एक सवंगडी आन्को आझातो यांचा मुलगा होता. हे आझातो त्या काळचे नामांकित जाणकार. फुनाकोशी रात्री त्यांच्या घरी जायचे, मागच्या अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करायचे आणि आझातो बसून बघायचे. आठवडे जायचे, महिने जायचे. गुरूनं मान डोलावल्याशिवाय पुढची काता नाही. पहाटे हातात कंदील घेऊन परतणारा हा तरुण बघून शेजाऱ्यांनी तर्क लढवले की पोरगा रात्रीचा भलत्या वस्तीत जात असणार. नाइहांची नावाच्या तीन काता शिकण्यात त्यांची दहा वर्षं गेली.

दहा वर्षांत तीन काता. हा आकडा ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढं जे बदललं ते या आकड्याशी ताडूनच कळतं.

बदल राजकारणानं आणला. १८७९ साली जपान सरकारनं र्‍युक्यूचं राज्य खालसा केलं, राजा शो ताइ याला टोकियोला नेलं आणि बेटाचा ओकिनावा जिल्हा केला. संस्थान खालसा होणं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सातारा १८४८ साली गेलं, नागपूर १८५४ साली. राजा गेला की त्याच्या भोवतालचे कारकून, शिलेदार, कलावंत, वस्ताद यांचं काय होतं, ते या दोन्ही गावांनी पाहिलेलं आहे. शुरीच्या दफ्तरात नोकरी करणारे आन्को इतोसु यांचंही तेच झालं. जन्म १८३१चा, म्हणजे राज्य बुडालं तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलेलं. आझातो यांचे ते मित्र, आणि फुनाकोशींचे दुसरे गुरू.

नव्या राजवटीत जुन्या घराण्यांच्या विद्येला आश्रयदाता उरला नव्हता. इतोसुंनी मग आश्रय शोधला तो शाळेत.

१९०१ साली शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे आलं. फुनाकोशी सांगतात त्याप्रमाणं शिंतारो ओगावा नावाचे शिक्षण खात्याचे अधिकारी शाळा तपासायला आले असता त्यांना प्रात्यक्षिक दाखवण्यात आलं, त्यांनी वरती अनुकूल अहवाल पाठवला, आणि परवानगी मिळाली. १९०५मध्ये इतोसु तिथल्या माध्यमिक शाळेत आणि शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवू लागले. समोर आता एक निवडलेला शिष्य नव्हता. तीस-चाळीस मुलं होती, ठरलेला तास होता, घंटा होती. दहा वर्षांत तीन काता ही चाल इथं चालणार नव्हती.

म्हणून त्यांनी नवं क्रमिक पुस्तकच लिहिलं म्हणायचं; शाई-कागदानं नाही, हालचालींनी. कुशांकु ही जुनी, लांबलचक काता त्यांच्यासमोर होती. तिचे आणि आणखी काही कातांचे तुकडे वेगळे काढून, सोप्याकडून अवघडाकडं जाणाऱ्या पाच छोट्या काता त्यांनी बांधल्या. नाव दिलं पिनान, म्हणजे शांत, निर्धास्त. साधारण १९०४ ते १९०७ या काळातलं हे काम. प्रत्येक काता मिनिटाभरात पुरी होणारी, आणि एकानं पुढं उभं राहून आकडे मोजले की अख्ख्या वर्गाला एकदम करता येणारी.

ऑक्टोबर १९०८मध्ये इतोसुंनी सरकारला दहा कलमांचं एक पत्र लिहिलं. कराटेचा उगम बौद्ध वा कन्फ्युशियन धर्मात नाही, इथपासून सुरुवात करून शरीर कसं ठेवावं, सराव कसा करावा, हे त्यात सांगितलं आहे. सैन्यात जाणाऱ्या मुलांना या विद्येचा उपयोग होईल हेही ते सांगतात. त्या पिढीच्या जपानात सरकारी दार उघडायला हीच भाषा लागायची, आणि त्या भाषेची किंमत पुढं जपाननंही मोजली आणि ओकिनावानं तर फारच. पण पत्राच्या शेवटाकडं जी योजना आहे तिच्यावर खरं बोट ठेवायला हवं. नॉर्मल स्कूलमधल्या विद्यार्थ्यांना आधी नीट शिकवा, ते शिक्षक होऊन प्राथमिक शाळांत जातील, आणि दहा वर्षांत ही विद्या ओकिनावाभर आणि मुख्य जपानातही पसरेल, असं त्यांनी मांडलं. आधी मास्तर घडवा, मग मुलं. सत्त्याहत्तराव्या वर्षी हा हिशोब मांडणारा माणूस १९१५ साली वारला.

आता थोडं आपल्याकडं वळू, कारण याच वर्षांत महाराष्ट्रातही हाच विचार काही डोक्यांत घोळत होता, आणि ओकिनावात काय चाललं आहे याची कुणाला गंधवार्ता नव्हती.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी २४ ऑक्टोबर १८६८ला जन्मले. गिचिन फुनाकोशी १० नोव्हेंबर १८६८ला. सतरा दिवसांचं अंतर. एक संस्थानचा राजा, दुसरा शुरीच्या सामान्य घरातला शाळामास्तर. पण दोघांनी आयुष्याची कमाई लावली ती एकाच गोष्टीवर: ठरलेल्या क्रमाच्या हालचालींचा एक संच घ्यायचा, तो शाळेतल्या प्रत्येक मुलापर्यंत न्यायचा, आणि स्वतः म्हातारपणापर्यंत रोज करायचा. भवानरावांचा संच सूर्यनमस्काराचा. १९०९ साली गादीवर आल्यानंतर त्यांनी औंधच्या शाळांत नमस्कार नेमाचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ साली लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच दहा कलमं आहेत, कारण त्यांच्या नमस्काराच्या अवस्था दहा. फुनाकोशी १९५७ साली गेले, भवानराव १९५१ साली. दोघांची भेट झाली असती तर एकमेकांची भाषा न येताही त्यांनी पटांगणावर उभं राहून एकमेकांना काय म्हणायचं आहे ते ओळखलं असतं, असं मनापासून वाटतं.

बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव यांनी आणखी एक पाऊल टाकलं. आखाड्यातली विद्या वस्तादाकडून एकेका पठ्ठ्याला मिळायची. कुस्तीचे डाव, मल्लखांबाच्या पकडी, फरीगदग्याचे हात, सगळं असंच. माणिकरावांनी लाठी, लेझीम असे प्रकार आकड्यांत बसवले आणि देशी भाषेतल्या हुकमांवर शेकडो मुलांनी एकत्र करायची सांघिक कवायत तयार केली. इंग्रजी हुकमांवर ड्रिल घेणाऱ्या ड्रिलमास्तरांच्या जमान्यात ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या शिष्यांपैकी जगन्नाथ गणेश गुणे हे पुढं स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि पुढं मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही पुढाकार घेतला. १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी सरकारी संस्था सुरू झाली. इतोसुंच्या पत्रातली योजना, जशीच्या तशी. आधी मास्तर, मग मुलं.

झरी मात्र या चित्राबाहेर होतं. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मुंबई सरकारनं काढलेलं परिपत्रक इथं लागू नव्हतं, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि बऱ्याच खेड्यांत शाळाच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेची शाळा ही गावातली नेहमीची गोष्ट झाली. तोवर शरीर कमावायची जागा एकच, मारुतीच्या देवळालगतची तालीम. तिथं मुलींना प्रवेश नव्हता. पुढं जे सांगायचं आहे त्यासाठी हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

आता पुन्हा ओकिनावाकडं. फुनाकोशी मास्तर कसे झाले ही एका शेंडीची गोष्ट आहे. जुन्या ओकिनावातले पुरुष डोक्यावर केसांची गाठ बांधत. ती मर्दपणाची आणि घराण्याची खूण होती. नव्या सरकारनं ती कापायला सांगितली. फुनाकोशींना टोकियोच्या वैद्यकीय शाळेत जायचं होतं, पण गाठ न कापता प्रवेश नव्हता आणि घरचे कापू देईनात. डॉक्टर होणं राहून गेलं. पुढं प्राथमिक शाळेत नोकरी धरली तेव्हा शेवटी कात्री लागलीच; घरी आल्यावर वडील संतापून तोंड फिरवून बसले, आई मागच्या दारानं निघून गेली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरांत शेंडीवरून झालेले वाद ज्यांनी वाचले आहेत त्यांना त्या खोलीतली शांतता ऐकू येईल.

त्यानंतर सुमारे तीन दशकं त्यांनी शाळेत शिकवलं. मार्च १९२१मध्ये युवराज हिरोहितो युरोपला जाताना ओकिनावात थांबले, तेव्हा शुरीच्या राजवाड्यात कराटेचं प्रात्यक्षिक झालं, ते फुनाकोशींच्या देखरेखीखाली आणि शाळकरी मुलांकडून. पुढच्या वर्षी, मे १९२२मध्ये, टोकियोत शिक्षण खात्यानं भरवलेल्या व्यायाम प्रदर्शनासाठी ते गेले आणि तिथंच राहिले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदोशाळेत बोलावलं. पण पोटापाण्याचं काय? ओकिनावी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एक छोटी खोली मिळाली. तिथं ते राखणदारी करायचे, अंगण झाडायचे आणि रिकाम्या वेळात तिथल्याच सभागृहात कराटे शिकवायचे. वय त्रेपन्न.

टोकियोत कराटेचा वेश बदलला. पांढरा सदरा-पायजमा ज्युदोवरून आला, काळा पट्टा आणि त्यापुढच्या ‘दान’ नावाच्या पायऱ्याही ज्युदोवरूनच. पहिले दान फुनाकोशींनी १९२४ साली दिले. ‘चिनी हात’ लिहायची चित्रलिपी बदलून त्याच उच्चाराची ‘रिकामा हात’ ही लिपी आली. ओकिनावी नावांना जपानी वळण मिळालं: पिनान झालं हेइआन, कुशांकु झाली कांकू, नाइहांची झाली तेक्की. चीनशी युद्धाच्या वाटेवर असलेल्या जपानात चिनी नाव टिकणार नव्हतं, हे कारणही त्यात होतं. ‘शोतो’ हे फुनाकोशींचं कविता लिहितानाचं टोपणनाव, पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याच्या लाटा अशा अर्थाचं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस शिष्यांनी वर्गणी काढून गुरूसाठी बांधलेल्या इमारतीला शोतोकान, म्हणजे शोतोंचं घर, असं नाव दिलं. १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत ती जळाली. नाव उरलं.

या सगळ्या बदलांत एक बदल असा आहे ज्याची फारशी चर्चा होत नाही, आणि शिकवणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर तोच सर्वांत मोलाचा. इतोसुंच्या क्रमात आजची हेइआन शोदान दुसरी होती. त्यांची पहिली पिनान सुरू होते ती दोन्ही हात एकदम वर उचलून, भार मागच्या पायावर ठेवून, आणि थोड्याच वेळात लाथ येते. लहान मुलाला हे पेलत नाही. फुनाकोशींनी पहिली आणि दुसरी यांची अदलाबदल केली. आयुष्याची तीस वर्षं शाळेतल्या वर्गासमोर उभं राहिलेल्या माणसालाच हे सुचतं. पुढं तेही अवघड वाटलं तेव्हा त्याआधी ताइक्योकु शोदान आली. तिचं श्रेय बहुधा त्यांचा मुलगा योशिताका याला देतात. तिच्यात वीस मोजण्या, आणि प्रकार दोनच: खालचा अडथळा आणि पुढं येत मारलेला ठोसा. बाराखडीच्या आधी नुसते आडवे-उभे फराटे काढून घेतात, तसं.

भारतात जपानी विद्या आली तीही शाळेच्याच दारानं. रवींद्रनाथांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या ज्युदो शिक्षकाला शांतिनिकेतनात आणलं, आणि तिथं मुलांच्या जोडीनं मुलीही शिकल्या. पण ती धार टिकली नाही. सत्तरच्या दशकात कराटे घराघरांत गेलं ते सिनेमामुळं. ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३चा. ब्रूस ली यांची विद्या चिनी होती, तरी आपल्या गल्लीत तिचं नाव कराटेच पडलं. हा शब्दसुद्धा आपण रोमन अक्षरांवरून उचलला. जपानी माणूस ‘कारा-ते’ म्हणतो, आपण ‘कराटे’. भित्तिपत्रकावरच्या त्या हवेतल्या लाथेनं हजारो पोरांना क्लासपर्यंत आणलं हे खरं, आणि त्याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत. फक्त क्लासात आल्यावर पहिल्या कातेत एकही लाथ नाही हे कळतं तेव्हा पोरांची तोंडं उतरतात.

तर मग तिच्यात आहे काय?

आडव्या रेघेच्या मध्यावर उभं राहायचं. ‘इच’ म्हटलं की डावीकडं वळून डाव्या हातानं खालचा अडथळा, गेदान बराई. ‘नी’ला उजवा पाय पुढं टाकत ठोसा, ओइ झुकी. ‘सान’ला उलट फिरून पुन्हा गेदान बराई. चौथी मोजणी वेगळी. तिच्याकडं परत यायचं आहे. पाचवीला ठोसा. सहावीला उभ्या रेघेकडं वळायचं आणि तिच्यावर तीन पावलं पुढं जायचं, प्रत्येक पावलाला हात कपाळाच्या वर उचलत. हे आगे उके. जपानीतल्या ‘आगे’चा अर्थ वर उचलणं, आपल्या पोरांना तो हिंदीतला ‘पुढे’ वाटतो, आणि पावलं पुढंच पडत असल्यानं गोंधळ होण्याऐवजी शब्द पाठच होऊन जातो. तिसऱ्याला, म्हणजे नवव्या मोजणीला, पोटातून आवाज काढायचा. किआइ.

इथपर्यंत सगळे येतात. दहाव्याला वर्ग फुटतो. पुढचा उजवा पाय जागेवर ठेवून डावा पाय पाठीमागून ओढत डावीकडून पाऊण चक्कर मारायची असते. उजवीकडून गेलं तर नुसत्या पाव चक्करीत त्याच दिशेला तोंड होतं, म्हणून निम्मी मुलं सोप्या वाटेनं वळतात. तोंड बरोबर दिशेला, पाय चुकीचे. शेजारच्याच्या खांद्याला खांदा लागतो, कुणीतरी कुणाकडं तरी बघतं आणि रांग मोडते. फक्कीची रेघ खरी कामाला येते ती इथं. पुढं दुसऱ्या आडव्या रेघेवर दोन्हीकडं अडथळा-ठोसा, मग उभ्या रेघेवरून परत येताना तीन ठोसे, सतराव्याला दुसरा किआइ, आणि पुन्हा तीच पाऊण चक्कर. शेवटच्या चार मोजण्या उघड्या तळहाताच्या, शुतो उके; भार आता मागच्या पायावर, शंभरातला सत्तर हिस्सा. मांडी थरथरते ती इथंच. एकविसाव्यानंतर सरळ उभं राहायचं. पावलं सारखी पडली असतील तर मूल सुरुवातीच्या खुणेवर येतं. नसतील तर हातभर बाजूला.

ओकिनावातल्या जुन्या जाणकारांना आणि आजच्या काही अभ्यासकांना एक तक्रार करायला जागा आहे: शाळेसाठी सोपी करताना हालचालींचा अर्थ मागं पडला. कवायत उरली, भांडण गेलं. तक्रारीत तथ्य आहे. ग्रेडिंगच्या दिवशी काता बिनचूक करून पिवळा पट्टा घेणाऱ्या मुलाला चौथ्या मोजणीत हात गोल का फिरवतोस असं विचारलं तर बऱ्याचदा उत्तर येत नाही. पण अर्थ हरवला नाही, हे तेवढंच खरं. कित्त्यातलं अक्षर गिरवताना शब्दाचा अर्थ कळलाच पाहिजे असं नसतं. तो नंतर सांगता येतो, फक्त कुणीतरी सांगावा लागतो.

तो सांगायची जागा शाळेतही आहे. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेतून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं. मुदत तीन महिने, शाळेला महिन्याला ५,००० रुपये. कराटे, ज्युदो, तायक्वांदो असं काही त्यात शिकवायचं असतं. तीन महिने म्हणजे फार थोडे, आणि एवढ्यात काता कशाला, चार पकडी सोडवायला शिकवा की, असं कुणी म्हणेल. पण फुनाकोशींची दहा वर्षं आणि इतोसुंची घंटा यांच्यामधला जो मार्ग निघाला तो नेमका एवढ्याच वेळासाठी निघाला होता. घरी आरसा नाही, मॅट नाही, जोडीदार नाही, क्लास पुढच्या वर्षी असेल-नसेल. अशा मुलीला अंगणातल्या दहा-बारा पावलांत एकटीनं करता येईल अशी हेइआन शोदानइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. ज्या तालमीत तिच्या आजीला पाऊल टाकता आलं नाही, त्या तालमीचा काही हिस्सा तिला असा घरी नेता येतो. म्हणून शिकवणाऱ्यांनी ती गाळू नये, आणि नुसती गिरवूनही घेऊ नये.

त्यासाठी चौथ्या मोजणीपाशी थांबावं. काता तिथं अडवायची. दोघी-दोघींच्या जोड्या करायच्या. एकीनं तिसऱ्या मोजणीत पुढं आलेलं मनगट धरायचं, सैल नाही, बाजारात गर्दीत कुणी धरेल तसं. आता चौथी मोजणी करायची: पुढचा पाय मागं ओढायचा, त्याच्याबरोबर मूठ आपल्या अंगाकडं खेचायची, धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं, कारण पकडीची ढिली बाजू तीच. मनगट सुटतं. खेचलेली मूठ गोल फिरून वरून खाली येते, हातोड्यासारखी. हे तेत्सुइ. दोन महिने हवेत जो हात उगाच गोल फिरत होता तो का फिरत होता, हे त्या क्षणी हाताला कळतं, डोक्याला थोडं नंतर.

पहिल्यांदा सुटतं तेव्हा जिचं सुटलं तिचा विश्वास बसत नाही. ती मैत्रिणीकडं संशयानं बघते, मनगट पुन्हा पुढं करते आणि म्हणते, “तू मुद्दाम सोडलंस. नीट धर की गं. घट्ट.”